चावरा पाळीव साप हाताला सरावायचा कसा (नव्या लोकांसाठी, अगदी पहिल्यापासून)

आधीच सांगून टाकतो, साप आपल्यावर प्रेम करायला लागेल ह्या आशेनं वाचत असाल तर तसं काही होत नसतं. दहा वर्षं पाळला तरी तो तुम्ही आल्यावर खूश होऊन धावत येणार नाही. त्याला जास्तीत जास्त एवढंच कळू शकतं की हे जे गरम मोठं धूड सारखं आपल्या घरापाशी म्हणजे टबापाशी येतं ते आपल्याला खात नाही, आणि ते आपण खायचंही नाही. बास. हँडलिंगचा सगळा खेळ ह्या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात बसवायचा आहे, आणि सापाचं डोकं हळू चालतं, त्यामुळं घाई झाली की विषय हार्ड होतो.

मग हाताळायचाच कशाला, बघत बसू की नुसतं, असं कुणी म्हणेल. बघत बसा, काही वाईट नाही त्यात, खूप साप त्यातच सुखी असतात. पण टब धुवायला त्याला बाहेर काढावा लागतो, शेपटीच्या टोकाला कात अडकली तर हातात धरून बघावं लागतं, डॉक्टरकडं न्यावा लागतो. आणि आपल्या कोल्हापुरात तर पूर आहे. २०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेचं पाणी घरात आलं तेव्हा ज्यांनी घरं सोडली त्यांना विचारा आवरायला किती वेळ मिळतो ते. लाईट गेलेली, पाणी चढतंय आणि टबातला साप हात दिसला की झेप घेतोय, अशा वेळी त्याला पिशवीत कसा भरणार? म्हणून सवय लावायची, गळ्यात घालून रील काढायला नाही.

कुठल्या सापाबद्दल बोलतोय

हे सगळं बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक ह्या दोघांना धरून लिहितोय, कारण आपल्याकडं नवीन माणूस बहुतेक ह्यातलाच एक घेतो. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, कॉर्न स्नेक अमेरिकेतला, दोन्ही बिनविषारी. आपल्याकडचा एकही साप घरात ठेवायचा नाही, धामण असो, दिवड असो, मांडूळ असो नाहीतर अजगराचं पिल्लू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो गुन्हा आहे आणि 'शेतात सापडलं, सोडणारच होतो' हे कुणी ऐकून घेत नाही. परदेशी साप पण कागदाशिवाय नको. बॉल पायथन साइट्स (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) च्या यादीत आहे, त्यामुळं २०२४ च्या नियमाप्रमाणं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते, घेतानाच विकणाऱ्याकडं कागद मागा आणि तो 'नंतर देतो' म्हणाला तर तिथनंच माघारी फिरा. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही पण बिल जपून ठेवा, कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी पाहिजे.

अजून एक, हे लई महत्त्वाचं. घरातला पायथन उचलायला जमायला लागला म्हणून बाहेरचा साप उचलायला जायचं नाही. आपल्या भागात नाग, घोणस, मण्यार, फुरसं चारही आहेत, आणि बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार ह्यांच्यात तर भलेभले फसतात. घरात बाहेरचा साप निघाला तर त्याच्यावर लांबनं नजर ठेवायची आणि वनविभागाच्या १९२६ नंबरला फोन करायचा. चावलाच तर कापाकापी नाही, बांधाबांधी नाही, मांत्रिक तर नाहीच, सरळ सीपीआर म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय गाठायचं. ज्यांना आपल्याकडचे साप ओळखायला शिकायचंय त्यांनी चंदगड तालुक्यातली ढोलगरवाडीची सर्पशाळा, सध्या चालू आहे का ते आधी विचारून, एकदा बघून यावी, शाळेनं चालवलेली अशी जागा दुसरीकडं सहज सापडायची नाही.

भीती की भूक, आधी हे ओळखा

साप अंगावर येतोय म्हटल्यावर लोक लगेच 'रागीट आहे' म्हणून मोकळे होतात. राग वगैरे काही नसतं. तो दोनच कारणांनी झेप घेतो, एकतर घाबरलाय नाहीतर तुमचा हात त्याला उंदीर वाटलाय. ह्या दोन्हीवरचा इलाज एकदम वेगळा आहे आणि नव्या माणसाचा सगळा गोंधळ इथंच होतो, भुकेल्याला भित्रा समजून कुरवाळत बसतात आणि घाबरलेल्याला खायला घालून शांत करायला बघतात.

घाबरलेला साप आधी अंग चोरतो. डोकं वेटोळ्यात लपवतो, बॉल पायथन तर आवळून अक्षरशः चेंडू होतो. तरी तुम्ही मागं हटला नाही तर मान इंग्रजी एस सारखी मागं ओढून धरतो, फुसकारतो, श्वास जोरजोरात चाललेला दिसतो, कॉर्न स्नेक शेपटीचं टोक थरथर हलवतो आणि खाली कागद असला तर त्याचा खुळखुळ्यासारखा आवाज येतो. काही जण हातावर घाण वासाचं पातळ काहीतरी सोडतात, तो वास साबणानं दोनदा धुतला तरी रेंगाळतो. आणि मग झेप. ही झेप बऱ्याचदा तोंड बंद ठेवूनच असते, नुसता धक्का, आणि चावलाच तरी चावून लगेच सोडतो. त्याला तुम्हाला धरून काय करायचंय, तुम्ही जावं एवढंच त्याला पाहिजे असतं.

भुकेलेला एकदम उलटा. हा मागं सरत नाही, पुढं येतो. टबाचं झाकण उघडलं की डोकं वर, नजर हातावर, जीभ सावकाश आत बाहेर, आणि हात हलला की त्याच्या मागं डोकं फिरतं. फुसकारत बिलकुल नाही. हा चावला की सोडत नाही, वेटोळी घालून आवळायला लागतो. बॉल पायथनच्या ओठांवर बारीक खाचा असतात, त्यातनं त्याला उष्णता कळते, म्हणजे अंधारात तुमचा गरम पंजा त्याला चांगला जाडजूड उंदीर दिसणार. कॉर्न स्नेकला त्या खाचा नसतात, तो वासावर आणि हालचालीवर जातो.

एक आठवडा नुसतं बघून हे वहीत लिहून ठेवा, टब उघडला तेव्हा तो पुढं आला का मागं गेला. एवढ्या एका ओळीवरनं पुढचं सगळं ठरतं.

हात लावायच्या आधी टब बघा

माझं स्पष्ट मत आहे, चावऱ्या सापांच्या निम्म्या तक्रारी टबामुळं असतात. हॉलमध्ये टीव्हीशेजारी चारी बाजूनं काचेची टाकी, आत एक प्लॅस्टिकचं झुडूप आणि पाण्याची वाटी, येणारा जाणारा प्रत्येक जण काचेवर टकटक करतोय, आणि मग म्हणायचं साप चिडका निघाला. अहो लपायला जागाच नाही त्याला.

दोन लपायच्या जागा पाहिजेत, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला, हाईड म्हणतात त्याला. ऐसपैस नको, अंग तिन्ही बाजूनं टेकेल एवढीच. शाहूपुरीत कुंभार गल्ली आहेच, मातीचं लहान गाडगं घेऊन त्याच्या काठाला दार पाडून घ्या, कडा घासून घ्या, महागड्या इंपोर्टेड हाईडपेक्षा ते चांगलं. काचेच्या टाकीच्या तीन बाजू बाहेरनं कागद लावून झाकून टाका. मधल्या मोकळ्या जागेत सालं, फांद्या, खोटी पानं काहीही टाका, साप उघड्यावरनं न जाता इकडून तिकडं जाऊ शकला पाहिजे.

मग तापमान. बॉल पायथनला गरम बाजू ३१ ते ३३ डिग्री आणि थंड बाजू २५ ते २७, कॉर्नला गरम २९ ते ३१ आणि थंड २२ ते २५ पर्यंत चालते. हीट मॅट (टब गरम ठेवायची विजेची चटई) थर्मोस्टॅटशिवाय (तापमान ठरल्यापेक्षा वर जाऊ न देणारं यंत्र) लावायची नाही, पोट भाजतं आणि सापाला ते कळायच्या आत जखम होते. आपल्याकडं डिसेंबर जानेवारीत रात्री चांगलाच गारठा पडतो, त्यात लाईट गेली की टब गार. गार पडलेल्या सापाला पळता येत नाही, आणि ज्याला पळता येत नाही तो फुसकारतो आणि चावतो, म्हणून थंडीत सकाळी सकाळी हात घालायचाच नाही. पावसाळ्यात उलटा प्रॉब्लेम, बाहेरच एवढा ओलावा असतो की टबातलं बेडिंग वाळत नाही आणि पोटाच्या खवल्यांना इन्फेक्शन होतं, त्या दिवसांत झाकणाला हवा जायची भोकं जास्त ठेवा आणि पाण्याची वाटी लहान करा.

डॉल्बीचा विषय वेगळा काढून सांगायला पाहिजे. साप बहिरा असतो असं म्हणतात ते अर्धवट खरं आहे, बाहेरचा कान नाही त्याला, पण जमिनीची कंपनं जबड्यातनं आत जातात आणि जड आवाज तर चांगलाच पोचतो. गणपतीत आपल्याकडं खिडक्यांच्या काचा थरथरतात तिथं सापाचं काय होत असेल! मिरवणुकीच्या रस्त्यावर घर असेल तर त्या दिवसांत टब आतल्या खोलीत हलवा, खाली जाड फोम नाहीतर गादी घाला, आणि हँडलिंग पूर्ण बंद. विसर्जन झाल्यावर पण दोन तीन दिवस गप बसायचं.

पहिली पायरी, काहीच करायचं नाही

साप घरी आणला की कमीत कमी सात दिवस हात नाही, फोटो नाही, मित्रांना दाखवणं नाही. पाणी बदलायचं आणि शी केली असेल तर काढायची, तेवढंच. सातव्या दिवशी खायला द्यायचं. सलग दोन तीन वेळा व्यवस्थित खाल्लं, उलटून बाहेर काढलं नाही, की मग पुढं जायचं. लहान पिल्लू दर पाच सात दिवसांनी खातं त्यामुळं ह्यात तीन आठवडे आरामात जातात आणि मोठा साप असेल तर महिन्याच्या वर. जाऊ देत. हा सगळ्यात अवघड भाग आहे, कारण पैसे टाकून आणलेला साप आणि त्याला हात लावायचा नाही म्हणजे काय!

खायला देताना फ्रोझन उंदीरच द्या, झिपच्या पिशवीत घालून गरम पाण्यात सोडून मऊ करून, मायक्रोवेव्हमध्ये नाही. उंदीर सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढा असावा. चिमट्यानं द्या, हातानं कधीच नाही. बरेच जण खायला घालायला सापाला वेगळ्या डब्यात काढतात, टबात खायला दिलं की टबात चावायला लागतो अशी समजूत आहे, मला ती पटत नाही. उंदराचा वास आलेला साप हातानं उचलून इकडून तिकडं न्यायचा म्हणजे चावून घ्यायची हमखास वेळ तीच, शिवाय खाल्ल्यावर हलवलं की उलटी होऊ शकते. टबातच द्या आणि 'आता जेवण आहे की नाही' हे त्याला हुकनं सांगा, ते पुढं येतंयच.

दुसरी पायरी, तुमची सवय

रोज संध्याकाळी टबाशेजारी बसायचं. अभ्यास करा, मोबाईल बघा, काहीही करा पण तिथं बसा आणि सावकाश हालचाल करा. चार पाच दिवसांनी झाकण उघडून बसायचं, हात आत नाही. मग पाणी बदलताना हात जरा जास्त वेळ आत राहू द्यायचा, सापापासून लांब, जमिनीला टेकवून, न हलवता. तो येऊन जीभ लावून गेला तर गेला, काही करायचं नाही. साप साधारण आपल्या लांबीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत झेप घेऊ शकतो, तेवढं अंतर डोक्यात ठेवलं की तुम्हीही निवांत राहता आणि तुम्ही निवांत असलात की हात थरथरत नाही.

वापरलेला टीशर्ट टबात ठेवायचा एक प्रकार आहे, वासाची सवय व्हावी म्हणून. अत्तर डिओ नसलेला, सुती असेल तर ठेवायला हरकत नाही. खूप फरक पडतो असं मी म्हणणार नाही पण साप त्यात लपून बसतो आणि तेवढाच एक आडोसा होतो.

तिसरी पायरी, हुक

इथं खरं काम आहे. लांब दांड्याचा हुक घ्या, विकतचा महाग वाटत असेल तर उद्यमनगरात कुणाही फॅब्रिकेशनवाल्याला सांगा, बारीक सळईचं टोक गोल वाकवून दे आणि कडा घासून गुळगुळीत कर, देतो लगेच. लहान पिल्लाला हुकची पण गरज नाही, कागदाची सुरळी चालते.

प्रत्येक वेळी हात घालायच्या आधी हुकनं सापाच्या अंगाला मधोमध हलकं टेकवायचं. ठोकायचं नाही, नुसतं टेकवून जरा पुढं सरकवायचं. भुकेलेल्या सापाला एवढ्यावर कळतं की ही उंदीर नसलेली वस्तू आहे, डोकं खाली घेतो, खाण्याच्या मोडमधून बाहेर येतो म्हणा ना. घाबरलेल्याला कळतं की काहीतरी येणार आहे, एकदम दचकत नाही. आणि खायला देताना हुक कधीही लावायचा नाही, झाकण उघडलं की थेट चिमटा. काही आठवडे हे एकदाही न चुकता केलं की सापाच्या डोक्यात फरक बसतो, हुक लागला म्हणजे जेवण नाही. घरात दोघं जण सापाचं बघत असतील तर दोघांनीही हाच नियम पाळायचा. एक जण हुक लावतोय आणि दुसरा दादा थेट हात घालतोय, असं केलं तर काही उपयोग नाही.

चौथी पायरी, उचलणं

हात आधी साबणानं धुवा. रविवारी मटण चिकन साफ करून तसाच ओला हात टबात घातला तर चूक सापाची नाही. घरात दुसरे पाळीव प्राणी असतील, ससा, हॅमस्टर, पक्षी, तर त्यांना हात लावल्यावर तर आठवणीनं धुवा. सुगंधी हँडवॉश नको, साधा साबण.

हात वरनं आणायचा नाही. वरनं येतं ते घार असते, एवढं तर अंड्यातनं बाहेर आलेल्या पिल्लालाही माहीत असतं. बाजूनं, खालच्या पातळीनं, डोक्यापासून लांब. हुक लावला, दोन सेकंद थांबलं, मग अंगाच्या मधल्या भागाखाली हात सरकवायचा आणि एका दमात उचलायचं. इथं कचरायचं नाही! हात पुढं, हात मागं, परत पुढं, असं केलं की साप तेवढ्या वेळात तीन वेळा घाबरतो. उचलायचं ठरवलं की उचलायचं, नसेल धाडस होत तर त्या दिवशी झाकण लावून घ्यायचं, उद्या आहेच. मान पकडायची नाही, शेपूट धरून ओढायचं नाही, मणक्याला दुखापत होते.

फार घाबरलेल्या बॉल पायथनला हाईडमधून ओढून काढू नका. हाईड उचला, खाली तो बसलेला असतो, हुक लावा आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत अख्खा गोळा उचला. गोळा असतानाच हातात बसू द्या. सोडवायला जायचं नाही, दहा मिनिटांनी नाक बाहेर येतं, मग जीभ, मग मान. काही दिवस तर तो गोळा होऊनच आत जाईल, चालतंय.

कॉर्नच्या पिल्लाचं वेगळं असतं. ते पेन्सिलीएवढं असतं आणि पळतं. त्याला हातात धरून ठेवायचं नाही, एका हातावरनं दुसऱ्या हातावर चालू द्यायचं, रस्ता संपला की नवीन हात पुढं करायचा. हे खाली जमिनीवर बसून करा, दार बंद, खिडकी बंद, सोफा आणि कपाटाखालच्या फटी कापड घालून बंद. पिल्लू कपाटामागं गेलं की तुमची संध्याकाळ गेली.

मोज्यांचं काय, म्हणजे हातमोज्यांचं? मोठा साप जोरात चावत असेल आणि तुम्हाला भीती वाटत असेल तर सुरुवातीला पातळ घाला, तुमचा हात स्थिर राहणार असेल तर त्याचा फायदा आहे. जाड लेदरचे नको, त्यातनं साप किती आवळला गेलाय हे कळत नाही.

किती वेळ, किती वेळा

सुरुवातीला दोन ते पाच मिनिटं, आठवड्यातनं दोन तीनदा. रोज नको. प्रत्येक वेळेनंतर त्याला निवांत बसायला मधे दिवस पाहिजे. हळूहळू दहा पंधरा मिनिटांपर्यंत न्यायचं आणि तिथंच थांबायचं, तासभर हातात घेऊन बसण्यात सापाला काही मजा येत नसते.

परत ठेवायची वेळ फार महत्त्वाची. त्यानं झेप घेतली आणि तुम्ही लगेच टबात टाकलंत, तर त्याला काय कळलं? झेप घेतली की हे धूड जातं. उपाय सापडला त्याला. म्हणून झेप घेतली तरी जागेवर थांबायचं, हात न हलवता, तो जरा ढिला पडला, श्वास सावकाश झाला, जीभ संथ झाली, की मग ठेवायचं. पण ह्याचा अर्थ कुस्ती करायची असा नाही. पाच मिनिटं झाली तरी तो फुसकारतोय, सारखा वळून चावतोय, तर हुकवर घेऊन नाहीतर हाईडमध्ये शिरू देऊन शांतपणे आत जाऊ द्या आणि पुढच्या वेळी एक पायरी मागं या. 'आज ह्याला थकवतोच' म्हणून अर्धा तास हातात दाबून धरणारे लोक मी बघितलेत, तो साप शांत झालेला नसतो, त्यानं नाद सोडलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडल्यावर पहिल्यापेक्षा वाईट.

आजी म्हणते साप डूख धरतो. डूखबिख काही नसतं, तुमचा चेहरा लक्षात ठेवून तो बदला घेणार नाही. पण झाकण उघडलं की त्रास होतो एवढं मात्र त्याच्या बरोबर लक्षात राहतं.

कधी हात लावायचा नाही

खाल्ल्यावर ४८ तास, मोठा घास असेल तर अजून एक दिवस. उलटी झाली असेल तर दहा ते चौदा दिवस काहीच नाही, हातही नाही आणि खाणंही नाही, नंतर पहिला उंदीर नेहमीपेक्षा लहान. डोळे निळसर पांढरट झाले म्हणजे कात टाकायला आलाय, त्याला नीट दिसत नसतं, एरवी शांत असलेला सापही त्या आठवड्यात झेप घेतो, कात टाकून होईपर्यंत सोडून द्या. बॉल पायथन थंडीत महिना महिना खात नाही, वजन टिकून असेल तर घाबरायचं नाही, पण तेव्हा हाताळणं कमी करा.

चावला तर

चावणार. कधीतरी चावणारच. कॉर्नचं पिल्लू चावलं तर बऱ्याचदा कळत पण नाही, मोठा बॉल पायथन चावला की टाचण्या टोचल्यासारखं होतं आणि रक्त दिसायला जरा जास्त दिसतं. हात झटकायचा नाही, हे एवढं एक पाठ करून ठेवा. दात मागं वळलेले असतात, झटका दिला की तुमची कातडी फाटते आणि त्याचे दात तुटून आत राहतात. चावून सोडलं असेल तर साप आत ठेवा, हात साबणानं भरपूर धुवा, अँटिसेप्टिक लावा, धनुर्वाताचं इंजेक्शन जुनं झालं असेल तर घेऊन टाका. धरून ठेवलं असेल तर हात न ओढता नळाच्या गार पाण्याखाली धरा, नाहीतर त्याच्या तोंडाच्या कडेला सॅनिटायझरचा एखादा थेंब लावा, चव आवडत नाही, सोडतो. वेटोळी शेपटीकडनं सोडवायची.

आणि चावला नाही तरी प्रत्येक वेळी नंतर हात धुवायचे, सापांच्या अंगावर साल्मोनेला हा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालची पोरं, गरोदर बायका आणि घरातली म्हातारी आजारी माणसं ह्यांच्या हातात साप द्यायचाच नाही.

पाहुणे

साप सरावत असताना सगळ्यात मोठा अडथळा लोक आहेत. मित्र येतात, 'काढ की जरा, बघू दे'. भावा, आज त्यानं खाल्लंय, असं सांगून मोकळं व्हायचं, खाल्लं नसलं तरी. नागपंचमीला तर शेजारच्या काकू हळदकुंकू आणि दुधाची वाटी घेऊन दारात, 'बाळा, एवढं पाज की रे देवाला'. काकूंना दुखवायचं नाही, आपल्याकडं बत्तीस शिराळा किती जवळ आहे, भावना कळते. पण साप दूध पचवू शकत नाही, आणि हा आफ्रिकेतला आहे, नाग नाही. कुंकू पण अंगावर नको. पूजा करायचीच असेल तर मातीचा नाग असतोच घरात, काकूंना चहा द्या आणि टबावर कापड टाका.

तुमच्याकडं साप शांत झाला म्हणून दुसऱ्याच्या हातात लगेच देऊ नका. महिना दोन महिने एकाच माणसानं हाताळू दे, मग दुसरा माणूस, तोही आधी हुक लावून, खाली बसून.

किती दिवस लागतात

पिल्लू असेल तर वाढता वाढताच निवळतं, कॉर्नची बहुतेक पिल्लं पहिल्या वर्षात चावणं सोडतात कारण आकार वाढला की भीती कमी होते. कुणाकडनं तरी मोठा झालेला, कुणी कधी हात न लावलेला साप घेतलात तर सहा महिने धरून चाला, वर्षही लागतं. मधे मधे मागं पण जातं, कात टाकल्यावर नाहीतर घर बदलल्यावर परत फुसकारायला लागतो, तेव्हा दोन पायऱ्या मागं यायचं.

पण चांगला सरावलेला साप एकाएकी चावायला लागला आणि टबात काही बदललेलं नाही, तर आधी तब्येत बघा. खवल्यांच्या कडेला, डोळ्यांभोवती बारीक काळे ठिपके हलताना दिसतात का, पाण्याच्या वाटीत तो तासन्तास बसून राहतो का, म्हणजे माइट्स, अंगावरचे रक्त पिणारे बारीक किडे. तोंडाशी बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास, घरघर, म्हणजे छातीचं इन्फेक्शन. पोटावर भाजल्याचा डाग. डोळ्यावर अडकलेली कात. ह्यातलं काहीही असेल तर हँडलिंग बंद आणि डॉक्टर. सगळे जनावरांचे डॉक्टर साप बघत नाहीत, त्यामुळं साप आणायच्या आधीच फोन करून विचारून ठेवा, गावात कुणी नसेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा, नाहीतर पुण्यात एक्झॉटिक प्राणी बघणारे मिळतात. नेताना उशीचा सुती अभ्रा, त्यात साप, तोंडाला गाठ, आणि अभ्रा भोकं पाडलेल्या डब्यात. एसटीनं जाणार असाल तर डबा मांडीवर, खाली इंजिनच्या गरम पत्र्यावर नाही.

आणि काही साप सरावतच नाहीत. तब्येत चांगली, टब चांगला, वर्ष झालं, तरी हात दिसला की मान मागं. अशाला जबरदस्ती करू नका. त्याला हाईडमध्येच उचलायची सवय लावा. तळ असलेली आणि एकच तोंड असलेली हाईड ठेवा, तो आत असताना हुकनं टेकवून सांगा, तोंडावर जाड पुठ्ठा धरा आणि हाईडसकट उचलून दुसऱ्या टबात ठेवा, मग पहिला टब धुवा. दर आठवड्याला साफसफाईच्या वेळी असंच केलं की त्याला तेवढं तरी सवयीचं होतं, पूर आला तरी तीच हाईड उचलून डब्यात घालता येते, आणि तुमच्या बोटांनाही काही होत नाही.